मदत हवी आहे: हबल दुर्बिणीच्या 'चष्म्या'चं मॉडेल, कोमा (ठिपक्याला फुटणारी शेपटी) जात नाही

नमस्कार मंडळी, सोलापूरहून लिहितोय. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी हबल अंतराळ दुर्बिणीच्या चुकलेल्या आरशाच्या दुरुस्तीचं रे-ट्रेसिंग (किरणांच्या वाटा संगणकावर काढणं) करतोय. ऑप्टिक्सवाल्या कुणी जरा बघाल का?

मुख्य आरसा २.४ मीटरचा. कोनिक कॉन्स्टंट (आरशाच्या वक्राचा आकार सांगणारा आकडा) -१.००२३ हवा होता, घासला गेला -१.०१३९. कडेला फरक जेमतेम २ मायक्रॉन, पण तेवढ्याने चित्र पसरलं. १९९३ मध्ये कोस्टार हे दुरुस्तीचं उपकरण (तोच 'चष्मा') बसवलं, त्यात प्रकाशाच्या प्रत्येक वाटेवर दोन छोटे आरसे: पहिला मुख्य आरशाची प्रतिमा दुसऱ्यावर पाडतो, दुसऱ्यावर उलटी चूक कोरलेली.

माझ्या मॉडेलमध्ये मधला ठिपका झकास बसतो. फील्ड (दृश्यातली जागा) मध्यापासून जरा बाजूला सरकवलं की कोमाची शेपटी फुटते. मला वाटतं, पहिल्या छोट्या आरशाने पाडलेली मुख्य आरशाची प्रतिमा दुसऱ्यावर नीट जुळत नाहीये. पण तो पहिला आरसा तिरका केला की अ‍ॅस्टिग्मॅटिझम (आडवा-उभा फोकस वेगळा पडणं) येतो! दुसऱ्या आरशाची दोन्ही अक्षांतली वेगळी वक्रता प्रोग्रॅमला एकदम बदलू देऊ, की आधी प्रतिमा जुळवून मग वक्रता?

'तिसरा आरसा टाक' असं कृपया सांगू नका. अतिनील किरणांत दर परावर्तनाला प्रकाश गळतो. ८० टक्के परावर्तन धरलं तरी दोन आरशांनंतर ६४च उरतात. म्हणूनच २००९ मध्ये हबलवर बसवलेल्या कॉस या वर्णपटमापकात दूर-अतिनील वाटेवर दुरुस्ती थेट ग्रेटिंगवरच (प्रकाश रंगांत फोडणाऱ्या बारीक रेघांच्या पृष्ठावर) केली. (ते डोकं ज्याचं, त्याला दंडवत.)

फाइल मागाल त्याला पाठवतो. सोलापुरात कुणी असाल तर सात रस्त्याला चहा माझ्याकडून, लॅपटॉप घेऊन येतो.