पाइपगॅस येतोय, तर शेगडीच ठेवावी, इंडक्शन घ्यावं की इलेक्ट्रिक? (चार माणसं, रोज भाकरी)

धायरीकर
पुण्यात दोन बेडरूमचा फ्लॅट, ओटा नव्याने करतोय. १४.२ किलोचा सिलिंडर ४०-४५ दिवस जातो. सोसायटीत काही महिन्यांत पाइपगॅस येईल. महावितरणचं सिंगल फेज मीटर, वापर महिन्याला १४०-१५० युनिट. ओट्यावर दोनच प्लग, दोन्ही ६ अँपिअरचे. सकाळी पोळ्या, रात्री ज्वारीची भाकरी, दिवसातून दोनदा कुकर. विचारायचं ते असं: पैशात काय परवडतं, इंडक्शनवर भाकरी होते का, आणि ओटा फोडलाच आहे तर वायरिंग काय करून घेऊ? दुकानदार ‘कुठलंही भांडं चालतं’ म्हणून इन्फ्रारेड शेगडी गळ्यात मारतोय, तीही बघावी का?

हिशेबनीस
एक किलो एलपीजी (सिलिंडरमधला गॅस) जळला की साधारण १२.८ युनिट उष्णता निघते. युनिट म्हणजे बिलातलंच, एक किलोवॉट-तास. म्हणजे सिलिंडरमागे १८० च्या आसपास. चांगल्या शेगडीवर त्यातली ६५ टक्के भांड्यात शिरते, बाकीची भांड्याच्या कडेने वर जाते. उरली ११७ युनिट. इंडक्शनवर ८५ टक्के धरा, तर तेवढ्याच कामाला मीटरवर १३८ युनिट पडतील. म्हणून सिलिंडरच्या किमतीला १३८ ने भागा. सिलिंडर ९०० ला असेल तर उत्तर साडेसहा रुपये. तुम्हाला वीज त्याहून स्वस्त पडत असेल तरच इंडक्शन स्वस्त.

इथे बहुतेक जण चुकतात. बिलाची एकूण रक्कम भागिले युनिट असा सरासरी दर काढतात आणि म्हणतात, परवडतंय. पण स्वयंपाकाची युनिटं तुमच्या आताच्या वापराच्या *वर* चढणार आहेत. महावितरणचे टप्पे ०-१००, १०१-३००, ३०१-५०० आणि त्यापुढे असे आहेत. तुम्ही १५० वर आहात, सगळा स्वयंपाक इंडक्शनवर नेला तर महिन्याला ९५-१०० युनिट वाढतील, आणि ती सगळीच्या सगळी दुसऱ्या टप्प्यात पडतील. तिथे वीज आकार, वहन आकार आणि वर १६ टक्के वीजशुल्क मिळून युनिट दहा रुपयांच्या पुढे जातं. स्थिर आकार यात धरू नका, तो तसाही भरायचाच आहे.

पाइपगॅसला हाच हिशेब: एका घनमीटरमधून साधारण १० युनिट उष्णता, शेगडीवर हाती लागते ५.८, म्हणजे इंडक्शनवरची ६.८ युनिटं. घनमीटरच्या दराला ६.८ ने भागा. दर ५० असेल तर सव्वासात-साडेसात रुपये. तुमच्या वापराला गॅसच स्वस्त, सिलिंडर असो की पाइप.

एकटा माणूस, महिन्याला ४०-५० युनिट वापर, असं असतं तर गणित जवळपास बरोबरीत आलं असतं. छतावर सौर पॅनेल असतील तर ते पार उलटतं: एक किलोवॉटमागे दिवसाला सरासरी ४ युनिट मिळतात, पावसाळ्यात बरीच कमी. पण फ्लॅटवाल्याच्या हातात छत कुठे असतं!

भाकरी_टम्म
पैशाचं झालं, आता तव्याचं. इंडक्शनची कॉइल (काचेखालचं तारेचं वेटोळं) साधारण १६-१८ सेंटिमीटर असते आणि आपला भाकरीचा तवा २५-२६ चा. मध्ये करपतं, कड पांढरी राहते. उपाय दोन. तवा सपाट बुडाचा, जाड बिडाचा घ्या. पातळ लोखंडी तवा वाकतो आणि खोलगट तवा तर काचेला टेकतच नाही. आणि भाकरी १८-२० सेंटिमीटरच्या वर थापू नका.

गार बिडाचा तवा थेट २००० वॉटवर ठेवायचा नाही. मधलाच भाग तापून पसरतो, कड थंड असते, आणि तडा जातो. ६०० वर दोन-तीन मिनिटं, मग १०००, कडेला पाण्याचा थेंब चुरचुरला की १२००-१४००. भाकरी टाका, वरून पाणी फिरवा, पाणी सुकत आलं की उलटा, ती बाजू पूर्ण भाजू द्या. शेवटी गॅसवर आपण जी बाजू जाळावर धरतो ती इथे तव्यावरच टाकून फडक्याने कडेकडेने दाबायची. पीठ ताज्या दळणाचं आणि उकळत्या पाण्यात भिजवलेलं असेल तर फुगते. पण जाळावरचा तो खरपूसपणा येत नाही, हे आधीच मान्य करून बसा.

आणखी एक त्रास कोणी सांगत नाही. काचेखाली मध्यभागी तापमानाचा सेन्सर असतो. भाकरीचा तवा म्हणजे त्याच्या लेखी रिकामं, सुकं भांडं. चौथ्या-पाचव्या भाकरीला तो वीज तोडतो, पडद्यावर ‘ई’चा कोड येतो आणि लोक समजतात शेगडी बिघडली. दोन भाकऱ्यांच्या मध्ये ६००-८०० वर आणलं तर हे टळतं.

घडीच्या पोळीला काही अडचण नाही. फुलके, पापड, वांग्याचं भरीत यांना जाळच हवा. आणि फोडणीची पळी! बहुतेक शेगड्यांना बूड किमान १२ सेंटिमीटर लागतं, त्यामुळे पळी ठेवली तरी यंत्राला भांडं ‘दिसत’ नाही. फोडणीसाठी तरी एक बर्नर हवाच.

कुकरबद्दल: पूर्ण ताकदीवर शिट्ट्या भराभर होतात आणि डब्यातली डाळ कच्ची राहते. शिट्टी वाफेचा दाब सांगते, किती वेळ शिजलं ते नाही. पहिल्या शिट्टीपर्यंत १२००-१४००, मग ६०० वर आणून तूरडाळीला ८-१० मिनिटं. शिट्ट्या मोजायचं सोडा, घड्याळ बघा.

कोळशाची_आठवण
इन्फ्रारेड म्हणजे काचेखाली लाल होणारी तार. भांडं कुठलंही चालतं हे खरं: ॲल्युमिनियम, पितळ, तांबं, सगळं. पण आधी काच तापते, मग भांडं. बंद केल्यावरही काच बराच वेळ चटका देते, घरात लहान मूल असेल तर हे लक्षात घ्या. दूध उतू जाताना बटण दाबून उपयोग नाही, भांडंच उचलावं लागतं. इंडक्शनवर बटण दाबताच उकळी बसते. एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळायला १८०० वॉटच्या इंडक्शनवर साडेतीन मिनिटांच्या आसपास, गॅसच्या मोठ्या बर्नरवर साधारण तेवढीच, आणि १५०० वॉटच्या तारेच्या शेगडीवर पाचच्या पुढे.

उघड्या तारेची जुनी शेगडी घेऊच नका. तारेत थेट वीज असते. भांड्याचं बूड टेकलं किंवा वरण उतू गेलं, आणि अर्थिंग धड नसलं, की झटका. परदेशात भाड्याच्या घरात मिळते ती बंद नळीची कॉइल वेगळी, तिच्यावर जाळी ठेवून फुलकेसुद्धा फुगतात.

घरातली भांडी इंडक्शनला चालतील का हे चुंबकाने बघा, बुडाला *घट्ट* चिकटला पाहिजे. हिंडालियमची कढई, तांब्याच्या बुडाचं पातेलं बाद. स्टीलचं सगळंच चालतं असं नाही. चांगल्या प्रतीच्या पातळ स्टीलला चुंबक धरतच नाही. बूड फुगलेलं असेल तर चुंबक चिकटूनही भांडं नीट तापत नाही.

फेज_न्यूट्रल
ओटा फोडलाय ना, मग आत्ताच करून घ्या. २००० वॉट म्हणजे जवळजवळ ९ अँपिअर, तेही अर्धा-पाऊण तास सलग. ६ अँपिअरच्या प्लगवर कन्व्हर्टर लावून चालवलं की आधी पिनेजवळ प्लास्टिक पिवळं पडतं, मग वितळतं. मुख्य बोर्डापासून स्वतंत्र लाइन ओढा: ४ चौरस मिलिमीटर तांब्याची फेज आणि न्यूट्रल, अर्थिंगची हिरवी वायर सोबत, २० अँपिअरची एमसीबी (जादा भार आला की आपोआप पडणारा स्विच), ओट्यावर १६ अँपिअरचं सॉकेट. खर्च वाचवायचा तर २.५ ची वायर आणि १६ ची एमसीबी, पण मग त्या लाइनवर मिक्सरसुद्धा नको. घराला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर तीही याच वेळी बसवा.

सॉकेट सिंकपासून लांब, आणि शेगडीच्या मागे नाही, बाजूला. वाफ थेट त्यात जाते.

गॅसचं पण: सिलिंडर ओट्याखालच्या कपाटात राहणार असेल तर दाराला अगदी जमिनीलगत भोकं हवीत. एलपीजी हवेपेक्षा जड, खाली साचतो. पाइपगॅस हलका, वर जातो. त्याला खिडकीची वरची झडप किंवा जाळी उघडी हवी. पाइपगॅस आला की शेगडीचे जेट (बारीक भोकातून गॅस सोडणारे तुकडे) बदलावे लागतात, कारण एलपीजी ३० मिलिबारवर येतो आणि पाइपगॅस २१ वर. जुन्या जेटवर ज्योत मरतुकडी राहते. भोक घरी ड्रिलने मोठं करू नका, ज्योत पिवळी होते आणि भांडी काळी. सिलिंडरची नारिंगी नळी पाच वर्षांनी बदलायची, तारीख नळीवरच छापलेली असते. वास आला तर कुठलंही बटण चालू-बंद करू नका. १९०६ ला (एलपीजी गळतीचा मदत क्रमांक) फोन, तोही घराबाहेर जाऊन.

सोल्डरगन
इंडक्शन दुरुस्तीला येतं त्याची कारणं ठरलेली: झुरळं आणि तेल. खालच्या पंख्याच्या जाळीतून झुरळ ऊबेला आत शिरतं, सर्किटवर चिकटतं, आयजीबीटी (कॉइलची वीज चालू-बंद करणारा भाग) उडतो. शेगडीखाली वर्तमानपत्र किंवा प्लास्टिकचं कव्हर नको, ते जाळीला चिकटून हवा कोंडतं. भिंतीपासून १० सेंटिमीटर सोडा. गॅसच्या बर्नरपासून अर्धा मीटर, नाहीतर पंखा गरम हवाच आत ओढतो. काम संपल्यावर पंखा थांबेपर्यंत मेन बटण बंद करू नका.

घेताना दुकानात एक बघा: पाण्याचं पातेलं ठेवून सगळ्यात कमी पॉवर लावा. पाणी काही सेकंद उकळून थांबत असेल, पुन्हा उकळत असेल, तर ते यंत्र मंद आच देत नाही, नुसतं चालू-बंद करतं. खीर, बासुंदी तळाला लागणारच.

धायरीकर
सगळ्यांचे आभार. म्हणजे दोन बर्नरची गॅस शेगडी, आणि कुकर-चहा-दुधासाठी एक सुटं इंडक्शन. वायर ४ चीच टाकतो. घरात इन्व्हर्टर आहे ९०० व्हीए चा. वीज गेली तर त्यावर इंडक्शन ६०० वॉटला लावून चालेल का?

फेज_न्यूट्रल
नाही. कमी सेटिंगला यंत्र ६०० वॉट सलग घेत नाही. सोल्डरगन म्हणाले तसं बहुतेक वेळा हजार-बाराशे घेतं आणि मध्ये थांबतं. इन्व्हर्टर ओव्हरलोड होऊन बंद पडेल. त्या सॉकेटची लाइन इन्व्हर्टरच्या फेजला जोडू नका हे वायरमनला आधीच बजावून ठेवा, आणि काम झाल्यावर घरातले दिवे इन्व्हर्टरवर असताना टेस्टर त्या सॉकेटच्या फेजच्या भोकात लावून बघा. पेटला तर भिंत बुजवू देऊ नका.