लकव्यानंतर न्यूमोनियाचा धोका: ‘१० पैकी ८’ म्हणजे नेमके काय?

प्रश्न (औसा, जि. लातूर)
माझे वडील ७८ वर्षांचे आहेत. परवा त्यांना लकव्याचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणे थांबले. हृदयाचे ठोके पूर्वीपासून अनियमित आहेत. डॉक्टर म्हणाले की न्यूमोनियाचा धोका १० पैकी ८ आहे. अंगात ताप नाही, साधा खोकलाही नाही, मग हा आकडा आला कुठून? आणि धोका एवढा असेल तर अँटिबायोटिक आताच का देत नाहीत? आई चमच्याने पाणी पाजायला जाते, तर सिस्टर तेही पाजू देत नाहीत.

उत्तर १ (फिजिशियन, नांदेड)
आधी एक गैरसमज दूर करतो: ८ गुण म्हणजे ८० टक्के नव्हे. ही ‘ए-टू-डी-एस-टू’ नावाची गुणपद्धती असावी. बर्लिनमधील रुग्णांच्या नोंदींवरून ती २०१२ मध्ये मांडली गेली. वय ७५ किंवा अधिक असल्यास १, अनियमित ठोक्यांचा १, पुरुष असल्याचा १, गिळता न येण्याचे २ आणि झटका मध्यम तीव्रतेचा असल्यास ३, अशी तुमच्या वडिलांची बेरीज ८ होते. तीव्र झटक्याला ५ गुण असतात. यातले वय बदलता येत नाही, पण गिळण्याच्या अडचणीतून होणारे नुकसान मात्र बरेचसे टाळता येते. अँटिबायोटिकचे म्हणाल, तर २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्स आणि ब्रिटनमधल्या दोन मोठ्या चाचण्यांत ती आधीच देऊन पाहिली, पण न्यूमोनिया टळला नाही. झटक्यामुळे शरीराची प्रतिकारशक्तीही काही दिवस मंदावते, म्हणून पहिला आठवडा विशेष जपावा.

उत्तर २ (परिचारिका, अंबाजोगाई)
ताई, आईंची माया मी समजू शकते. पाण्याने काय होणार, असे आमच्याकडे येणारे प्रत्येक घर म्हणते. पण घट्ट पदार्थापेक्षा पातळ पाणी घशात वेगाने उतरते आणि घशाची जाणीव बोथट झालेली असल्यास ते श्वासनलिकेत गेले तरी ठसका लागत नाही. खोकला नाही, म्हणून निर्धास्त राहू नका. गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडाने काहीही, गोळीसुद्धा, देऊ नये. दात, जीभ आणि कवळी रोज स्वच्छ करावी, कारण तोंडातले जंतूच लाळेबरोबर फुप्फुसात उतरतात. नळीने अन्न देताना आणि त्यानंतरही काही वेळ उशाकडची बाजू उंच ठेवावी.

प्रश्नकर्ती
दोघांचेही आभार. आईला हे वाचून दाखवले. चमचा बाजूला ठेवून आता तोंड पुसण्याचे काम तिने स्वतःकडे घेतले आहे. गिळण्याची तपासणी उद्या सकाळी आहे.