मदत हवी आहे: जुन्या झिगझॅग मशीनची सुई डावीकडंच उभी राहते, वाकळीच्या पट्ट्या जुळेनात

नमस्कार मंडळी, मी बेळगावात वडगावला राहते. शिवणकाम घरच्यापुरतं येतंय, ब्लाऊज, परकर, फॉल-पिको एवढं. पण आत्ता चांगलीच अडकलेय म्हणून विचारायला आलेय. लेकीला आठवा महिना लागलाय, बाळासाठी तुकड्यांची वाकळ करायला घेतलीय, सासूबाईंच्या जुन्या शहापुरी आणि इरकल साड्यांचे साडेचार इंची चौकोन कापलेत, एका पट्टीत नऊ चौकोन अशा नऊ पट्ट्या करायच्या. आमच्या शेजारच्या अक्का कौदी म्हणतात तीच ती.

पहिल्या चार पट्ट्या जाऊबाईंच्या पायमशीनवर शिवल्या, साधी सरळ टाक्याची मशीन. मार्जिन पाव इंच म्हणजे दोन सूत ठेवलं आणि पट्टी बरोबर साडेछत्तीस इंच आली. मग त्यांना त्यांच्या कामाला मशीन लागायली म्हणून मी आमच्या घरची जुनी झिगझॅग काढली, म्हणजे सुई डावी-उजवीकडं हलून नागमोडी टाकापण घालणारी मशीन. ही सासूबाईंच्या माहेरची, मडगावची, गोवा पोर्तुगिजांकडं होतं तेव्हा त्यांच्या वडिलांनी घेतलेली, म्हणजे १९६१ च्या आधीची. अंगावरची सोनेरी अक्षरं पुसलीत, खाली जपान एवढंच वाचता येतं. लोखंडी जड मशीन, पण टाका इतका सुरेख की आजच्या प्लास्टिकच्या मशीनला येणार नाही.

तर हिच्यावर शिवलेली पट्टी आली सव्वापस्तीस! सव्वा इंच कमी. मला वाटलं कापताना चुकले, म्हणून चौकोन परत मोजले, ते बरोबर. मग शिलाई उसवून बघितली तर मार्जिन दोन सूत नाही, जवळजवळ पावणेतीन सूत खाल्लंय. मी पायाच्या, म्हणजे कापड दाबून धरणाऱ्या फुटाच्या, उजव्या कडेला कापडाची कड लावून शिवत होते, सगळ्या मशीनवर तसंच करते. वाकून नीट बघितल्यावर कळलं की सुई भोकाच्या मधोमध नाहीच, सुईखालच्या प्लेटच्या लांबट भोकात अगदी डाव्या टोकाला खाली जाते. मोजपट्टी धरली तर सुईपासून पायाच्या उजव्या कडेपर्यंत साडेआठ मिलिमीटर भरलं, मधोमध असती तर साडेसहाच्या आतच भरलं असतं. म्हणजे दर जोडाला दोन्ही तुकड्यांचं मिळून चार मिलिमीटर जास्त जातंय, नऊ तुकड्यांत आठ जोड, हिशेब करा, तोच सव्वा इंच.

त्यात आणखी एक, ऑनलाइन पाव इंचाचा फूट मागवला, त्याचं भोक बारीक आणि मधोमध, पहिल्याच टाक्याला सुई त्यावर आदळून मोडली, तुकडा उडून चष्म्यावर आला. चष्मा नसता तर डोळ्यात गेला असता, विचारानंच अंगावर काटा येतो. बाजारात एका मेकॅनिकला दाखवली तर म्हणाला, सुईचा दांडा थोडा वाकवून मधे आणून देतो. मी मशीन उचलली आणि घरी आले. सासूबाईंची आठवण आहे ओ ती, वाकवू कशी देऊ.

माझे प्रश्न एवढेच. ही सुई बिघडून डावीकडं गेलीय की मशीनच तशी आहे? ती मधे आणता येते का? नाहीतर अशाच सुईवर दोन सुतांची शिलाई नेमकी कशी घ्यायची? आणि हो, तुकडा शिवताना सुरुवातीला कापड उजवीकडनं तिरकं जातंय, ते पण सुईमुळंच का? लेकीचं बाळंतपण पुढच्या महिन्याअखेरीला धरलंय, घाई आहे, जाणकारांनी सांगा की.

निपाणीहून प्रतिसाद

ताई, वाकवू दिली नाही ते लई बरं केलंत. आधी हे बघा. धागा काढा, फूट वर करा, झिगझॅगची रुंदी कमीजास्त करायचा दांडा शून्यावर ठेवा आणि चाक हातानं फिरवून सुई कुठं उतरते ते बघा. मग रुंदी हळूहळू वाढवत जा, प्रत्येक वेळी चाक हातानं फिरवायचं. डावं टोक तिथंच राहिलं आणि फक्त उजवं टोक आणखी उजवीकडं सरकत गेलं तर मशीनच डाव्या बाजूची आहे, त्या काळच्या बऱ्याच झिगझॅग मशीन अशाच बनवलेल्या, बिघाड नाही. दोन्ही बाजूंना सारखी पसरली तर मधली. आणि कधी इथं कधी तिथं उतरली तर आत जुनं तेल वाळून चिकट झालंय, रॉकेलचे थोडे थेंब घालून बराच वेळ हातानं फिरवा, घाण सुटली की पुसून मग मशीनचं तेल. तसंच पुढच्या बाजूला वेगळं बटण किंवा दांडा आहे का बघा, काही मशीनला डावी, मधली, उजवी अशी जागा बदलायची सोय असते.

खानापूरहून प्रतिसाद

मशीन डावीचीच निघाली तर घाबरू नका, फुटाची कड विसरून जायची. आलेखवही असते ना, तिच्या एका रेघेवर सुई हातानं टेकवा, तिथनं उजवीकडं पाव इंच मोजा आणि त्या जागी प्लेटवर लांब चिकटपट्टी लावा. कापड त्या पट्टीला लावूनच शिवायचं. पट्टी दात्यांवर, म्हणजे खालनं कापड पुढं सरकवतात त्यांच्यावर, येऊ देऊ नका. कापड तिरकं जातंय ते दात्यांमुळं, सुई डावीकडं म्हणून कापडाची उजवी कड उजव्या दात्यापर्यंत नीट पोचत नाही, एकाच बाजूनं ओढलं जातं. त्यासाठी आधी एका चिंधीवर दोन-चार टाके घाला आणि तिला लागूनच चौकोन पुढं सरकवा, मधे धागा तोडायचा नाही.

आणि एक सांगते, डाव्या सुईचा फायदापण आहे. भोकाची कड सुईला तीन बाजूंनी जवळ असते, त्यामुळं जुन्या साडीचं पातळ कापड भोकात ओढलं जाऊन चुरगळत नाही. मात्र एका गोल भोकाची सरळ टाक्याची प्लेट चुकूनही बसवू नका, मघाची सुई मोडायची गोष्ट परत होईल.

आमच्याकडं सिद्दी बाया कवंद, म्हणजे त्यांची वाकळ, करतात ना, त्यांना ही भानगडच नाही, त्या हातानं कडेपासनं सुरू करून तुकडा आत आत लावत जातात आणि कोपऱ्याला फूल ठेवतात, तुकडे आधी एकमेकांना जोडायचेच नाहीत. हाताला वेळ असेल तर तो मार्ग पण आहे.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचे मनापासून आभार. काल रात्री बसून केलं. रुंदी वाढवली तर डावं टोक जागचं हललं नाही, म्हणजे मशीनच तशी आहे, वेगळं बटण कुठं नाही. सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, आमच्या आई ह्याच मशीनवर आम्हा सगळ्यांचे झबले शिवत होत्या, कधी कुणाला कमी पडला नाही.

चिकटपट्टी लावून, चिंधीपासून सुरू करून एक पट्टी शिवली. साडेछत्तीसला दोन धागे कमी, म्हणजे बरोबरच. तिरकं जायचं पण थांबलं.

आता राहिली ती सव्वापस्तीसची पट्टी. आधी उसवून बसले नाही, उसवलं की तुकडे सरकतात. आधी चिकटपट्टीला लावून दोन सुतांवर नवी शिलाई घातली, ती जुनीच्या बाहेर, कडेकडं येते, आणि मगच आतली जुनी शिलाई उसवली. चार जोड झालेत, चार राहिलेत. खाली अस्तराला सासूबाईंची लग्नातली साडी त्यांनी स्वतःहून काढून दिलीय.