उत्तर कोरिया : आठ वर्षं भट्टी बंद होती, ती कुणी मोजायची?

तिरसट_पुणेकर
'उत्तर कोरियाशी वाटाघाटी म्हणजे शुद्ध मूर्खपणा, 1994 पासून ते जगाला गंडवताहेत' असं सागरगोटीने काल ठोकून दिलं आणि खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. म्हणून हा धागा.

1994 मध्ये अमेरिका आणि उत्तर कोरियात जिनिव्हा करार झाला, त्यानंतर योंगब्योन या त्यांच्या मुख्य अणुकेंद्रातली 5 मेगावॉटची अणुभट्टी बंद झाली. दोन मोठ्या भट्ट्यांचं बांधकाम जागच्या जागी थांबलं. वापरलेल्या इंधनाच्या सुमारे 8000 सळ्या डब्यांत सीलबंद झाल्या आणि निरीक्षक तिथेच मुक्कामाला राहिले, थेट डिसेंबर 2002 पर्यंत. तेवढ्या काळात तिथे बॉम्बसाठी लागणारं प्लुटोनियम काढलं गेलं नाही.

बदल्यात काय ठरलं होतं? दरसाल 5 लाख टन इंधन तेल आणि 2003 च्या सुमारास हलक्या पाण्याच्या दोन भट्ट्या. तेल रखडत यायचं. भट्टीचं पहिलं काँक्रीट पडलं ऑगस्ट 2002 मध्ये! सही होऊन तीन आठवडे होत नाहीत तोच रिपब्लिकनांनी अमेरिकेची दोन्ही सभागृहं जिंकली होती, ते पैसे सुखाने कसे सोडणार? पुढे बुश आले, करार बुडाला आणि ऑक्टोबर 2006 मध्ये उत्तर कोरियाचा पहिला अणुस्फोट झाला. गंडवलं कुणी कुणाला?

सागरगोटी
निबंध छान. फक्त बॉम्बचा दुसरा रस्ता, युरेनियम, गाळलंत. योंगब्योनला कुलूप लावून मागच्या दाराने पाकिस्तानच्या ए. क्यू. खानसाहेबांची सेंट्रिफ्यूज (युरेनियम बॉम्बलायक करायची यंत्रं) घेत होते, हे मुशर्रफ यांनीच कबूल केलंय. आणि पाकिस्तानचं घौरी क्षेपणास्त्र म्हणजे उत्तर कोरियाचंच नोडोंग. कारगिल पेटलेलं असताना कांडल्याला त्यांचं जहाज पकडलं, त्यात क्षेपणास्त्रांचे भाग निघाले. तुम्हाला त्यांची दया येते, मला येत नाही.

तिरसट_पुणेकर
दया कुठे लिहिलीय ते दाखवा.

बोईसरकर
अमेरिकेच्या शब्दाचा विषय निघालाच आहे तर आपल्या तारापूर अणुकेंद्राचं ऐका. 1963 चा करार, 30 वर्षं इंधन देऊ म्हणाले. 1974 ला पोखरण झालं, 1978 ला त्यांनी घरचा कायदा बदलला आणि आपल्याला म्हणाले, आता सगळ्याच अणुकेंद्रांची तपासणी करू द्या, नाहीतर इंधन विसरा. वडील तिथे नोकरीला होते. जेवताना घरात एकच विषय, पुढचं इंधन येणार की नाही. शेवटी फ्रान्सने दिलं. त्यामुळे प्योंगयांगवाले (उत्तर कोरियाचं सरकार) 'अमेरिकेचा कागद नको' म्हणतात तेव्हा मला नवल वाटत नाही.

खडूस
आणि कॅनडा? 1974 च्या पोखरणचं प्लुटोनियम कॅनडाने दिलेल्या सायरस अणुभट्टीतलं, जड पाणी अमेरिकेचं, दोन्ही 'शांततेच्या कामासाठी' म्हणून घेतलेलं. ओटावाला जाऊन विचारा कुणी शब्द मोडला.

बोईसरकर
वा! म्हणजे आपण आणि किम एकाच रांगेत? भारताने एनपीटीवर, म्हणजे अण्वस्त्र प्रसारबंदी करारावर, कधी सहीच केली नाही. त्यांनी 1985 ला केली, फायदे घेतले आणि 2003 ला बाहेर पडले. असल्या लोकांमुळेच बाहेर आपली बदनामी होते.

खडूस
'असल्या लोकांमुळे' नको. मुद्द्यावर या. सायरसबद्दल अजून एक अक्षर लिहिलेलं नाहीत.

मीनाक्षी_ठाणे
1978 च्या कायद्यावर सही करणारे राष्ट्राध्यक्ष कार्टर, आणि जून 1994 मध्ये प्योंगयांगला जाऊन आताच्या किमच्या आजोबांशी, किम इल-सुंगशी, बोलून युद्ध टाळणारेही कार्टरच. शिवाय 1980 मध्ये त्यांच्याच अणुनियामक आयोगाचा नकार डावलून त्यांनी तारापूरला इंधन पाठवलं, सिनेटमध्ये काठावर पास झालं. तेव्हा 'अमेरिका' म्हणून एकच माणूस तिकडे बसलेला नसतो.

बोईसरकर
1980 चं बरोबर आहे. उपकार झाले.

सागरगोटी
तारापूरसाठी वेगळा धागा काढा. तिरसटराव, तुमची आठ वर्षं दिली तुम्हाला, ठेवा फ्रेम करून. पण हनोईच्या शिखर बैठकीचं काय? 2019 ला ट्रम्पसारखा माणूस स्वतः गेला आणि यांनी काय पुढे केलं, तर योंगब्योन! एकच घोडा किती वेळा विकणार?

तिरसट_पुणेकर
आणि मागितलं काय, तर 2016 नंतरचे मुख्य निर्बंध उठवा. महाग होतं, मान्य. पण घासाघीस करायची सोडून ट्रम्प ठरलेलं जेवणसुद्धा रद्द करून उठून गेले. त्याआधी ट्रम्पचे सुरक्षा सल्लागार बोल्टन 'लिबिया मॉडेल' (आधी सगळं द्या) म्हणून मोकळे झालेले. गद्दाफींनी 2003 ला सगळं देऊन टाकलं, 2011 ला त्यांचं काय झालं ते किमने पाहिलेलं नाही का?

सागरगोटी
म्हणजे तो बॉम्ब कधीच सोडणार नाही. मग बोलायचं कशावर?

तिरसट_पुणेकर
2022 ला कायदाच केलाय त्याने, सोडणार नाही म्हणून. तेव्हा नि:शस्त्रीकरण विसरा. चाचण्या थांबवा, बाहेर विकू नका, एवढ्यावर बोला. तुमच्या कांडल्याच्या जहाजावर दुसरा उपाय सुचत असेल तर सांगा.

खडूस
आणि तपासणार कोण? 2009 ला निरीक्षकांना हाकललं, त्यानंतर आजतागायत एकालाही आत घेतलेलं नाही.