मदत हवी आहे: दुबईच्या बागेत कडुनिंबाची पानं कडेनं करपतायत

दुबईतल्या एका मोठ्या सार्वजनिक उद्यानातल्या आठ वर्षांच्या कडुनिंबांबद्दल विचारायचंय. पाणी म्हणजे प्रक्रिया केलेलं सांडपाणी, ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे खारटपणाचं माप) २.४ डेसिसीमेन्स प्रति मीटर. जमीन निव्वळ वाळू. ड्रिपरचं (ठिबकच्या तोट्यांचं) झाडाभोवतीचं कडं अजून लावणीच्या वेळचंच, खोडापासून ४० सेंमीवर.

पानं टोकाकडून आणि कडेनं करपतात, मधली शीर हिरवीच राहते. ओल संपते तिथे, खोडापासून साधारण ९० सेंमीवर, मिठाची पांढरी खपली धरलीय; बोटानं उचलली की पापडासारखी मोडते. ड्रिपर तुंबलेले नाहीत, फिल्टर दर आठवड्याला धुतला जातो.

मुळांजवळची ईसी ४ च्या आत ठेवायला मीठ खाली धुऊन जाईल असं हिशोबानं १४ टक्के जादा पाणी हवं, ते देता येईल. खरी भीती हिवाळ्यातल्या भुरभुर पावसाची. तेवढ्यानं खपली विरघळते आणि मीठ थेट मुळांत उतरतं, म्हणून पावसातही ठिबक चालूच ठेवावं लागतं.

आता कडं एकदम १२० सेंमीवर न्यावं, की आतलं ठेवून बाहेर दुसरं जोडावं? खपली आधी खरवडून उचलावी का? आणि वाळूत चुना मुळातच भरपूर असताना जिप्सम (तेही कॅल्शियमच देतं) टाकून काही फरक पडतो का? खाऱ्या पाण्यावर झाडं सांभाळणाऱ्यांनी कृपया सांगा, उन्हाळ्याआधी ती सावरायला हवीत.