पडूनही गोल्ड कसं मिळतं? फिगर स्केटिंगवाल्यांना काही प्रश्न

उन्हाळी_वाळवण:
नमस्कार मंडळी. लेक सोसायटीच्या क्लासला चाकांचं स्केटिंग शिकते आणि तिच्यामुळे आमच्या टीव्हीवर सध्या फक्त जपानचा फिगर स्केटर युझुरू हान्यू चालू असतो, बातम्या बंद, मालिका बंद. परवा त्याचा सोची 2014 ऑलिंपिकचा फ्री स्केट (दोन फेऱ्यांतली दुसरी, लांब फेरी) बघितला. तर हा पठ्ठ्या पहिल्याच उडीला धाडकन पडला, मग अजून एकदा पडला आणि तरी गोल्ड! लेक म्हणाली आई हे कसं काय, मी म्हटलं थांब विचारून सांगते. दुसरा प्रश्न माझा स्वतःचा. हे लोक सरावात तीच उडी रोज मारत असणार, मग नेमकं ऑलिंपिकलाच का गडबडतं? नुसतं टेन्शन म्हणून सोडून द्यायचं का? आणि तिसरं, मुली पंधराव्या वर्षी चॅम्पियन आणि सतराव्या वर्षी गायब, हे काय प्रकरण आहे? जरा सोप्या भाषेत सांगा, मला एक्सेल म्हटलं की ऑफिसमधली शीटच आठवते.

मिसिसागाकर:
पहिल्याचं उत्तर गणितात आहे. तेव्हाच्या गुणांच्या कोष्टकात क्वाड साल्कोला मूळ 10.5 पॉइंट (साल्को, लुट्झ हे उड्यांचे प्रकार; क्वाड म्हणजे हवेत चार वळणं, ट्रिपल म्हणजे तीन). पडलात तर 3 कापायचे आणि पडल्याचा दंड म्हणून वर 1, तरी 6.5 हातात राहायचे. आणि अगदी स्वच्छ, सुंदर ट्रिपल लुट्झचं मूळ किती तर 6! म्हणजे पडलेला क्वाड उभ्या ट्रिपलपेक्षा महाग. त्यात हान्यूने आदल्या दिवशी शॉर्टमध्ये, म्हणजे पहिल्या छोट्या फेरीत, 101.45 मिळवले होते, शंभरी ओलांडणारा तो पहिलाच, आणि फ्रीला आमचा पॅट्रिक चॅनही चुकला (कॅनडात हा विषय अजून काढू नये).

2018 नंतर हे बदललं. आता प्रत्येक एलिमेंटला (उडी, गिरकी वगैरे) जज उणे 5 ते अधिक 5 देतात आणि एकेक पायरी म्हणजे मूळ किमतीच्या दहा टक्के. क्वाड लुट्झचे 11.50, पडलं की निम्मे गेले, उरले 5.75, दंड वजा केला की 4.75. स्वच्छ ट्रिपल लुट्झचे 5.90 आणि वर बोनस वेगळा. त्यामुळे आता पडणं परवडत नाही. वळणं पूर्ण झाली नसतील तर अजून कापाकापी, त्यासाठी वेगळं टेक्निकल पॅनल रिप्ले लावून बसलेलं असतं, पाव वळण कमी पडलं तरी खूण करतात.

आणि तुमचा एक्सेल, म्हणजे ॲक्सल: सहा उड्यांमध्ये ही एकटीच पुढे तोंड करून मारायची, उतरायचं मात्र बाकीच्यांसारखंच पाठमोरं, म्हणून अर्धं वळण जास्त. ट्रिपल ॲक्सल म्हणजे साडेतीन, क्वाड ॲक्सल साडेचार. स्पर्धेत ती पहिल्यांदा नीट उतरवली इलिया मालिनिनने, सप्टेंबर 2022 मध्ये लेक प्लॅसिडला.

जुनी_पेटी:
माझं मत विचारलं नाहीये पण देते. ह्या सगळ्या बेरजा-वजाबाक्यांनी खेळाची वाट लागली. पूर्वी जजचे 6.0, म्हणजे पैकीच्या पैकी, दिसले की अंगावर काटा यायचा. आता उडी, उडी, उडी, हात हलवले की झाली कला.

मिसिसागाकर:
जुनी_पेटी, 6.0 का गेलं तेही सांगा की. 2002 सॉल्ट लेक ऑलिंपिक, पेअर्स म्हणजे जोड्यांची स्पर्धा. फ्रेंच जजवर दबाव आल्याचं प्रकरण बाहेर आलं आणि शेवटी कॅनडाच्या साले-पेलेतिए जोडीला दुसरं गोल्ड द्यावं लागलं. त्यानंतर ही नवी पद्धत आली. आणि कलेचे मार्क आजही आहेतच, कॉम्पोझिशन, प्रेझेंटेशन आणि स्केटिंग स्किल्स. फार पूर्वी तर बर्फावर आकड्यांसारखी वर्तुळं गिरवायचे आणि जज वाकून रेघा तपासायचे, ते 1990 नंतर बंद झालं. तेव्हा उड्या कमी होत्या, पण टीव्हीवर कोण बघणार होतं ते?

चाकवाली:
मी राज्य पातळीपर्यंत आर्टिस्टिक रोलर स्केटिंग केलंय, बर्फावर फक्त हौशी, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाचं थोडं सांगू शकते. ताई, टेन्शन आणि टेक्निक ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं बाहेरून वाटतं, आत असं काही नसतं. बघा, भीती वाटली की माणूस पहिल्यांदा काय करतो, तर वेग कमी करतो, नकळत. वेग कमी म्हणजे उडी बुटकी, उडी बुटकी म्हणजे हवेत वेळ कमी, आणि क्वाडला हवेत वेळ मिळतो जेमतेम पाऊण सेकंदाच्या आत, त्यातला जरासा गेला तरी चौथं वळण बसत नाही. मग शरीर हवेतच ठरवतं की आज नको, हात उघडतात आणि क्वाडची सिंगल होते. ह्याला पॉप म्हणतात. बाहेरच्याला वाटतं घाबरला, पण घाबरणं झालंय आधी, टेकऑफच्या आधीच्या दोन पावलांत.

ब्लेड सुद्धा समजून घ्या. साधारण चार मिलिमीटर जाडीची पट्टी, तिच्या तळाला लांबीभर पन्हळीसारखा खोलगट भाग, म्हणून तिला दोन धारा, आतली आणि बाहेरची. लुट्झ बाहेरच्या धारेवरून मारायची आणि फ्लिप आतल्या. लुट्झला गंमत अशी की धार एकीकडे वळवते आणि फिरायचं असतं उलटीकडे, त्यामुळे शेवटच्या क्षणी पाय आपसूक आतल्या धारेवर घसरतो. जज तेही पकडतात. म्हणजे हृदय धडधडतंय, संगीत पुढे पळतंय आणि तुम्हाला घोटा एवढासा कुठे कललाय ते जाणवायला पाहिजे.

आणि डोक्यातलं गणित तर कुणी सांगतच नाही. फ्रीमध्ये उड्या मोजून ठरलेल्या, त्यात कॉम्बिनेशन (लागोपाठ जोडून मारलेल्या उड्या) किती चालतील, कुठली उडी पुन्हा मारता येईल त्याचे नियम. पहिलं कॉम्बिनेशन फसलं तर राहिलेली उडी पुढे कुठे चिकटवायची हे स्केट करता करता ठरवायचं, चुकून तीच उडी जास्त वेळा झाली की तिचे शून्य. तिसऱ्या मिनिटाला मांड्या पेटलेल्या असताना. आमच्या एका सरांचं म्हणणं होतं की प्रोग्रॅम पाठ असून उपयोग नाही, बिघडलेला प्रोग्रॅम पाठ पाहिजे. बाकी त्यांचं ओरडणं मला कधी पटलं नाही पण हे पटलं.

सेंदाईची_सून:
(नाव हौसेने घेतलंय, सेंदाई हान्यूचं गाव, माझं सासर जळगाव.) हान्यू निघाला म्हणून आले. ताई, लेकीला बीजिंग 2022 चा शॉर्ट दाखवा. पहिलीच उडी क्वाड साल्को, आणि त्याचं ब्लेड बर्फातल्या एका खळग्यात गेलं, बहुधा आधीच्या कुणाच्या टोकाने पडलेला. झाली सिंगल. शॉर्टमध्ये सिंगलला काही किंमतच नाही, त्या उडीचे सरळ शून्य. दोन ऑलिंपिक गोल्ड असलेला माणूस आठव्या नंबरवर. आता चूक कुणाची? कुणाचीच नाही. पण खरी गोष्ट त्यापुढे आहे, त्या शून्यानंतरचा सगळा प्रोग्रॅम त्याने असा केला की मधूनच बघायला लागलेल्याला काही झालंय हे कळणार नाही. आणि फ्रीला सुरुवातीलाच क्वाड ॲक्सल मारली, पूर्ण फिरली नाही, पडला, शेवटी चौथा आला. मेडलच हवं असतं तर सोपी उडी मारली असती की. त्याला ती उडी हवी होती. मला तर तो चौथा नंबर सोचीच्या गोल्डपेक्षा जास्त आवडतो, मारा दगड.

मिसिसागाकर:
दगड नाही मारत, पण नेथन चेनचं उदाहरण तुमच्या उलट आहे आणि ताईंच्या प्रश्नाला जास्त लागू. 2018 प्योंगचांग, अमेरिकेत सगळीकडे हाच चेहरा, आणि शॉर्टमध्ये एकही उडी धड नाही, सतरावा. आता गमावण्यासारखं काही उरलंच नाही तर दुसऱ्या दिवशी फ्रीला सहा क्वाड लावले, एकाला हात टेकला, बाकी पाच उभे. 215.08, त्या दिवशीचा सगळ्यात मोठा स्कोअर, आणि सतरावरून पाचवा. शरीर तेच, बूट तेच, एका रात्रीत टेक्निक तर सुधारत नाही. चार वर्षांनी बीजिंगला शॉर्टमध्ये 113.97 चा विक्रम करून गोल्ड घेतलं.

रिकामा_फिजिओ:
तिसऱ्या प्रश्नावर येतो. क्वाडला फिरण्याचा वेग महत्त्वाचा, आणि वस्तुमान अंगाच्या मध्याजवळ जितकं गोळा तितका वेग जास्त. अरुंद खांदे, अरुंद कंबर, कमी वजन, म्हणजे वाढीच्या आधीचं शरीर. मुलगी वयात आली, दोन-चार इंच वाढली की टायमिंग सगळं बदलतं, कालपर्यंत झोपेत होणारी उडी होत नाही. मग काही ठिकाणी हट्ट असा की वाढूच द्यायचं नाही, जेवण मोजायचं, पाणी मोजायचं. रशियाची युलिया लिपनित्स्काया आठवते का, सोचीची लाल कोटवाली, पंधराव्या वर्षी टीम गोल्ड. 2017 मध्ये खेळ सोडला आणि ॲनोरेक्सियावर उपचार घेतल्याचं जगाला कळलं. दुसरीकडे क्वाडच्या प्रत्येक लँडिंगला एका पायावर वजनाच्या कैक पट भार, तोही कडक बुटात, घोट्याला वाकायला जागा नाही त्यामुळे धक्का गुडघा, कंबर, पाठीकडे. पाठीच्या मणक्यांचे स्ट्रेस फ्रॅक्चर ह्या वयात उगाच होत नाहीत.

बीजिंगच्या मुलींच्या फ्रीबद्दल लिहायला हात धजत नाही. रशियाची व्हालिएव्हा पंधरा वर्षांची, डिसेंबरमधल्या सँपलमध्ये ट्रायमेटाझिडीन हे बंदी असलेलं औषध सापडल्याचं स्पर्धेच्या मध्येच बाहेर आलं, तरी खेळायची परवानगी मिळाली, शॉर्टमध्ये पहिली, फ्रीमध्ये पडत पडत तेव्हा एकूण चौथी. ट्रूसोव्हाने पाच क्वाड मारले, सिल्व्हर आलं आणि ती कॅमेऱ्यासमोर रडत ओरडत होती की पुन्हा बर्फावर पाय ठेवणार नाही. जिने गोल्ड जिंकलं ती श्चेरबाकोव्हा एका बाजूला एकटी. तीन मुली, एकच ट्रेनिंग ग्रुप, एकही आनंदात नाही. त्याच वर्षी जूनमध्ये सीनियरचं किमान वय पंधरावरून टप्प्याटप्प्याने सतरा करायचं ठरलं. माझ्या मते उशीरच झाला.

जुनी_पेटी:
बघा, म्हणजे उड्यांनीच वाट लावली हे माझंच खरं ठरलं.

चाकवाली:
अर्धंच खरं. बेस व्हॅल्यू, म्हणजे उडीची मूळ किंमत, कुणाला जेवण तोडायला सांगत नाही, माणसं सांगतात. अलिसा लिऊ बघा ना, तेराव्या वर्षी अमेरिकेची चॅम्पियन, सोळाव्या वर्षी बीजिंग झाल्यावर कंटाळून सोडून दिलं, कॉलेज, ट्रेक, मित्रमैत्रिणी. मग परत आली ती स्वतःच्या अटींवर, संगीत, कपडे, सराव किती, सगळं तिला विचारून. आणि मार्च 2025 मध्ये बॉस्टनला वर्ल्ड चॅम्पियन, क्वाड नाही की ट्रिपल ॲक्सल नाही, पण एकूण एक लँडिंग वाहत जाणारं.

उन्हाळी_वाळवण:
बाप रे, एवढं मिळेल वाटलं नव्हतं, सगळ्यांना धन्यवाद. लेकीला शॉर्टचा व्हिडिओ दाखवला, ती म्हणे शून्य मिळाल्यावर तो रडला का नाही? मी काय सांगणार. आता तिला बर्फावर जायचंय. भारतात कुठे शक्य आहे का, का उगाच नाद लावू नये?

चाकवाली:
नाद लागलाच आहे की. सिमल्याला हिवाळ्यात उघड्यावर नैसर्गिक बर्फाचा रिंक असतो, थंडीच्या मर्जीवर. डेहराडूनला मोठा इनडोअर रिंक आहे, तो बरीच वर्षं बंद होता, 2025 मध्ये पुन्हा सुरू झाला. भारताकडून वर्ल्ड्सला गेलेली तारा प्रसाद जन्मली, वाढली, शिकली सगळं अमेरिकेत, ह्यावरून काय ते समजा. पण चाकांवर धारा, वळणं, ॲक्सलची सवय सगळं करता येतं, तिथे सिंगल पक्की होऊ द्या. आणि क्लासमध्ये पडायचं कसं ते शिकवतात का तेवढं विचारून घ्या, कुल्ल्यावर बाजूने, हात मागे न टेकता. शिकवत नसतील तर क्लास बदला.