महाभारतावर बेतलेल्या ललित लेखनातली तुमची सर्वांत आवडती कथा कोणती?

सांजवाचन:
नमस्कार. दहावीच्या सुट्टीत मामांच्या कपाटातून 'मृत्युंजय' काढून चार दिवसांत वाचून संपवली, आणि तेव्हापासून कर्ण म्हणजे शिवाजी सावंतांचा कर्ण हे मनात पक्के बसले. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण यांच्या तोंडून उलगडणाऱ्या त्या कादंबरीत मला सर्वांत जवळचा वाटला तो शोण, हस्तिनापुराकडे निघालेल्या रथामागे धावत सुटलेला धाकटा भाऊ. यंदा महाभारताचा अनुवाद हाती घेतला, तेव्हा मी नकळत शोणालाच शोधत होते. पण माझ्या ओळखीचा शोण त्यात कुठेच भेटला नाही. पुढे असेही समजले की स्वयंवरात 'सूताला वरणार नाही' असे द्रौपदीने म्हटल्याचे वाक्य भांडारकर संस्थेच्या चिकित्सित आवृत्तीच्या (अनेक हस्तलिखिते ताडून सिद्ध केलेल्या पाठाच्या) मुख्य संहितेत घेतलेले नाही. ज्या प्रसंगावर मी कित्येक वर्षे हळहळले, तोच डळमळीत निघाला. म्हणून विचारते: मूळ ग्रंथ वाचल्यानंतरही ज्या कथेवरचे आपले प्रेम कमी झाले नाही, अशी कथा कोणती, आणि ते प्रेम का टिकले?

जुनी_पोथी:
माझे उत्तर इरावती कर्वे यांच्या 'युगान्त'मधल्या द्रौपदीवरील लेखाचा शेवट. हे पुस्तकही 'मृत्युंजय'प्रमाणे १९६७चेच. ते कादंबरी नव्हे, चिकित्सित आवृत्तीच्या आधारे केलेला व्यक्तिरेखांचा अभ्यास आहे. पण या लेखाच्या अखेरीस बाई एक विलक्षण गोष्ट करतात. येथवरचे विवेचन संहितेला धरून होते आणि यापुढची माझी 'नरोटी' आहे, असे त्या वाचकाला आधीच सांगून टाकतात. नरोटी म्हणजे नारळाची वाळकी करवंटी, टाकाऊ वस्तू. हा शब्द त्यांनी एकनाथांकडून घेतला आहे.

महाप्रस्थानिक पर्वात हिमालयाच्या वाटेवर सर्वांत आधी द्रौपदी कोसळते. भीम कारण विचारतो, तेव्हा अर्जुनावर तिचे अधिक प्रेम होते हा तिचा दोष, असे सांगून युधिष्ठिर मागे वळून न पाहता चालू लागतो. मूळ कथा तिला तिथेच सोडून पुढे जाते. कर्वे मात्र वाटेवर पडलेल्या त्या बाईजवळ थांबतात. तिचा जीव अजून गेलेला नाही, भीम परत येऊन तिच्यापाशी बसला आहे, आणि तुझ्यासाठी काय करू, असे विचारतो आहे. जन्मभर त्याने हेच विचारले होते! पुढच्या जन्मी पाचांतला थोरला तू हो, असे ती त्याला सांगते. आईच्या आजारपणात मी हे पान तिला मोठ्याने वाचून दाखवत होतो आणि त्या वाक्यावर मला पुढे वाचता आले नाही. मुळाला कुठेही धक्का न लावता, त्याने जिथे पाठ फिरवली नेमके तिथे उभे राहून हे लिहिले आहे, म्हणून मूळ वाचल्यावर ते अधिकच खरे वाटते.

कृष्णाकाठ:
मी 'ययाति'चे नाव घेईन. वि. स. खांडेकरांची ही १९५९ची कादंबरी ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा या तिघांच्या निवेदनांतून पुढे सरकते, आणि माझ्या मते तिचा प्राण शर्मिष्ठेच्या निवेदनात आहे. आदिपर्वात शर्मिष्ठेला द्रुह्यू, अनू आणि पुरू असे तीन पुत्र असतात. खांडेकर तिच्याजवळ एकटा पुरू ठेवतात आणि त्या तान्ह्या बाळाला घेऊन तिला रात्री राजवाड्याबाहेर पडायला लावतात. राजकन्या, मग दासी आणि मग कुणाचीच कुणी नाही, हा तिचा प्रवास त्या रात्री पूर्ण होतो. ययातीची उपभोगावरची चिंतने आता मला काहीशी लांबलेली वाटतात, कारण 'न जातु कामः कामानामुपभोगेन शाम्यति' (वासना उपभोगाने कधीच शमत नाही) या अर्ध्या श्लोकात ते सारे येऊन जाते.

याच कथेवरचे गिरीश कार्नाडांचे कन्नड नाटकही अवश्य वाचावे. वडिलांचे म्हातारपण पुरू स्वीकारतो ही त्याची पितृभक्ती म्हणून आपण ऐकत आलो. पण त्याच्या तरुण पत्नीचे काय, हा प्रश्न कार्नाडांची चित्रलेखा विचारते आणि त्यापायी जीव देते. तो प्रश्न एकदा ऐकला की आदिपर्वातली ती कथा पूर्वीसारखी वाचता येत नाही.

अर्घ्य:
सांजवाचन, आपल्याला झालेले दुःख मी समजू शकतो, पण शोण आणि ते स्वयंवरातले वाक्य यांत मी फरक करीन. वाढवलेल्या पात्राने कुणावर अन्याय होत नाही. स्त्रीपर्वात कर्णाच्या प्रेतापाशी आक्रोश करणारी त्याची बायको गांधारी कृष्णाला दाखवते, ती वृषसेनाची आई म्हणून. तिला 'वृषाली' म्हणून आवाज देणे हे लेखकाचे कामच आहे. याउलट त्या एका वाक्यामुळे वाचकांच्या कित्येक पिढ्यांनी द्रौपदीला गर्विष्ठ ठरवले, आणि ते मला फार लागते.

माझी आवडती कथा मात्र उद्योगपर्वातलीच. कुंती कर्णाला भेटायला गंगेकाठी जाते, तेव्हा तो पूर्वेकडे तोंड करून, हात उंचावून जप करत असतो. उन्हाने कोमेजणाऱ्या कमळांच्या माळेसारखी ती त्याच्या उत्तरीयाच्या सावलीत उभी राहते, आणि पाठ तापेपर्यंत जप करून तो वळतो तेव्हा ती त्याला दिसते. जन्मतःच पाण्यात सोडलेल्या मुलाच्या सावलीचा आधार घ्यावा लागलेली आई! या भेटीवर पुढे जे जे लिहिले गेले ते मी आवडीने वाचले, पण त्या सावलीपाशी पुन्हा पुन्हा परतलो.

सांजवाचन:
सर्वांचे मनापासून आभार. उत्तरीयाच्या सावलीचा तो उल्लेख काल रात्री उद्योगपर्वात शोधून वाचला. पहिल्या वाचनात तो माझ्या नजरेतून पूर्ण निसटला होता. 'युगान्त' आणायला उद्या वाचनालयात जाते. शोण मात्र माझ्या मनातून जाणार नाही. कर्ण रणावर पडतो ते पान वाचताना अजूनही माझे डोळे आधी त्यालाच शोधतात.